मूळबिंब

पेटीतली पोरं आईला चुकत नाहीत, हे आता मिरजेत कुणाला सांगावं लागत नव्हतं. बालवाडी सुटली की ती फाटकातून जी सुटत, ती थेट आपापल्या आईच्या कमरेला जाऊन भिडत. मध्ये एकाच रंगाच्या साड्या नेसलेल्या दहा बायका उभ्या करा, आईचे केस कापा, तिच्या तोंडाला मास्क बांधा, काही फरक पडत नसे. दिवस भरून जन्मलेली मुलं या बाबतीत चक्क ढ वाटावीत. त्यामुळं झालं होतं काय, की सातव्या महिन्यात बाळंत झालेल्या बाईकडे पूर्वी लोक कीव करून बघायचे, ते हल्ली थोड्या हेव्यानं बघायला लागले होते. लोकांना काय, हेवा करायला काहीतरी लागतंच.

वेणू मगदूम पेटीतलीच. पण ती फाटकातून बाहेर आली की थांबायची. दप्तराचा पट्टा दोन्ही हातांनी धरून समोरच्या बायकांच्या तोंडांकडे एकेक करून बघायची. त्या बघण्यात शोधणं नसायचं. कुणीतरी बोलेल म्हणून ती नुसती थांबलेली असायची.

"वेणू, मी इथं आहे," ऋजुता म्हणायची.

मग आवाजाकडे मान वळायची आणि वेणू चालत यायची. बाकीच्या आया बघत असायच्या. "लहान आहे हो अजून," एखादी म्हणायची, आणि ऋजुता "हो ना" म्हणून स्कूटर सुरू करायची. वेणू लहान नव्हती. तिला पाचवं लागलं होतं, आणि तिला काय झालं आहे, ते कशामुळं झालं आहे, यातलं निम्मं तरी ऋजुताला पक्कं माहीत होतं.

आता ही पेटी म्हणजे काय, ते सांगायला हवं. आईच्या पोटात अंधार असतो. त्या अंधारात बाळाचे डोळे रिकामे बसलेले नसतात. पापण्या मिटलेल्या, दिसत काहीच नाही, तरी डोळ्यामागच्या पडद्यावर आपसूक लहरी उठतात, एका कडेकडून दुसऱ्या कडेला जातात, विरतात, परत उठतात. त्या लहरी मेंदूपर्यंत पोचतात आणि मेंदूचा बघण्याचा भाग त्यांच्यावर स्वतःची जुळणी करत राहतो. मिरजेच्या माणसाला हे समजवायला सोपं आहे: मैफल सुरू व्हायच्या आधी तंबोरा लावून घेतात, तसं. दिवस भरले की डोळाही तसाच सुरात लागलेला असतो. बाळ सातव्यातच बाहेर आलं तर मात्र जुळणी अर्धी राहते आणि पातळ पापण्यांवर दवाखान्यातले पांढरेफटक दिवे येऊन पडतात.

म्हणून बिंबपेटी निघाली. उबेची पेटीच, पण आतून काळोखी. बाळाच्या मिटल्या पापण्यांवर ती मंद तांबूस उजेडाच्या लहरी सोडायची, पोटात उठल्या असत्या अगदी तशाच. मुलांची नजर सुधारली. मग संशोधक मंडळींना सुचलं, एवढं केलंच आहे तर अजून थोडं करू. माणसाच्या पिल्लाला जन्मतःच चेहऱ्याची ओढ असते. वर दोन ठिपके आणि खाली एक काढून दाखवा, ते त्याच्याकडे वळतं. तेव्हा शेवटच्या काही आठवड्यांत त्या लहरींबरोबर आईचा चेहराच आत सोडला तर? आईनं पेटीशेजारच्या खुर्चीत बसायचं. समोरचा कॅमेरा तिचा चेहरा टिपणार, त्याची विरळ तांबूस सावली करणार आणि ती बाळाच्या पापण्यांवर पाडणार. मेंदूत जो पहिला ठसा उमटतो त्याला डॉक्टर मूळबिंब म्हणत. पुढं जन्मभर मूल प्रत्येक चेहरा या मूळबिंबापासून मोजून ओळखतं. याचं नाक त्यापेक्षा लांब, हिचे डोळे त्यापेक्षा जवळजवळ, असं.

वेणूच्या मेंदूत मूळबिंब होतं. ते ऋजुताचं नव्हतं, तिच्या नणंदेचं होतं.

वेणू जन्मली तेव्हा ऋजुतानं तिला एकदाच बघितलं. तळहातावर मावेल एवढी, लालबुंद, कातडीतून शिरा दिसणारी. रडलीसुद्धा नाही. डॉक्टर म्हणाले, जगेल असं म्हणत नाही आणि नाही जगणार असंही म्हणत नाही, पण तुम्ही परवापासून खुर्चीत येऊन बसा. तेव्हा ऋजुतानं मान खाली घालून सांगितलं, "आमच्यात बाळंतीण सव्वा महिना घराबाहेर पडत नाही."

शौनक, तिचा नवरा, बघतच राहिला. सासूबाई म्हणजे पूनमताई, बँकेतून निवृत्त झालेल्या आणि कुणाचं ऐकून न घेणाऱ्या. "कुणाच्यात?" त्या म्हणाल्या. "माझ्यात तरी नाही बाई. मी शौनकच्या बारशाला स्वतः स्कूटर चालवत पेढे आणायला गेले होते."

"माझ्या माहेरी पाळतात," ऋजुता म्हणाली. "आईनं बजावून ठेवलेलं."

तिची आई वारली होती, त्यामुळं विचारायला कुणी जाणार नव्हतं. आणि ओल्या बाळंतिणीशी वाद कोण घालणार? पूनमताईंनीसुद्धा तोंड आवरलं.

खरं सांगायचं तर तिच्या माहेरी असलं काही पाळत नव्हते. तिला फक्त त्या पेटीसमोर बसायचं नव्हतं. राहणार की जाणार हेच ठरलेलं नाही अशा जिवाकडे रोज टक लावून बघायचं, म्हणजे जीव गुंतणार, आणि उद्या ते गेलं म्हणजे आपण कायमचे मोडणार. तिनं स्वतःला वाचवलं. इतका साधा आणि इतका हलकट विचार होता तो. कानाला रुमाल बांधून, पाठीला शेक घेत, ती आतल्या खोलीत पडून राहिली आणि सासूबाईंनी वळलेले डिंकाचे लाडू खात राहिली. लाडू गोड लागत होते. पुढं तिला बाकी सगळ्यापेक्षा या गोष्टीची लाज जास्त वाटायची.

खुर्ची रिकामी कशी ठेवायची म्हणून शौनकची थोरली बहीण मनवा जायला लागली. मनवा एकटी तासगावला राहायची आणि तिथल्या एका बेदाण्याच्या शीतगृहात माल निवडून प्रत ठरवायचं काम करायची. "चेहराच पाहिजे ना? मग माझ्या चेहऱ्याला काय धाड भरलीय?" म्हणाली, आणि रोज काम संपलं की बस पकडून यायला लागली. दवाखान्यानं हरकत घेतली नाही. आई आजारी असेल तर घरातलं कुणी बसलं तरी चालायचं, फक्त शेवटी आईनं येऊन बसणं सोडू नये, असं ते सांगत. मनवाच्या पुढच्या दोन दातांत फट होती आणि हसली की डोळे पार मिटायचे. ती पेटीला नाक लावून बोलत बसायची. "काय मालकीणबाई, आज वजन वाढलं म्हणे. बेदाण्यात घातलं तर अजून तुमची तिसरी प्रत लागेल, पण उद्याचं सांगता येत नाही." नर्सबायकासुद्धा तिथं घोटाळायच्या.

वेणू जगली. जगणार हे नक्की झालं आणि सव्वा महिनाही सरला, तेव्हा ऋजुता जाऊन, खुर्चीत एकदाही न बसता, तिला घरी घेऊन आली. बारशाला पाळण्यात वाकून मनवानं बाळाच्या कानात "कुर्रर्र" करून नाव सांगितलं आणि बायकांनी रीतीप्रमाणं आत्याच्या पाठीत गुद्दे घातले. सगळ्या हसत होत्या. पाळण्यातली वेणू एकटक मनवाच्या तोंडाकडे बघत होती. ऋजुतानं ते बघितलं आणि ती नारळ आणायला आत निघून गेली.

*

पेटीतल्या मुलांची नजर तपासणाऱ्या डॉ. सुप्रभा हणबर यांनी आधी वेणूसमोर फोटो मांडले. त्यात ऋजुताचे पुष्कळ होते. वेणूला एकही ओळखता आला नाही. मग त्यांनी धूसर केलेले, नुसत्या डागांसारखे दिसणारे काही फोटो मांडले. वेणूनं त्यातल्या एकावर बोट ठेवलं आणि "आत्या" म्हणाली. तिनं काढलेली चित्रं ऋजुतानं बरोबर आणली होती. आज्जी, बाबा, शाळेतल्या बाई, भाजीवाला, सगळ्यांच्या पुढच्या दातांत फट होती.

"पेटीसमोर कोण बसायचं?" डॉक्टरांनी विचारलं.

"माझी नणंद. आमच्यात सव्वा महिना..."

"बरं." डॉक्टरांनी ते वाक्य पुरं व्हायची वाट बघितली नाही. "ऐका. पेटीत दिसलेली बाई घरी भेटली की मेंदू म्हणतो, चला, ही खरी. मग तो ते बिंब पक्कं करतो आणि त्याच्यापासून बाकीची माणसं मोजायला लागतो. तुमच्या मुलीला आत एक बाई दिसली आणि बाहेर दुसरीच मिळाली. तिचा मेंदू अजून पहिलीची वाट बघतोय. मोजायला सुरुवातच झाली नाही त्याची."

"म्हणजे तिला चेहरे दिसत नाहीत?"

"दिसतात. पाठ फिरवली की राहत नाहीत. तुमचासुद्धा नाही. आणि हे दार फार दिवस उघडं नसतं. सहावं लागेपर्यंत मेंदू हे काम आवरून घेतो. मग कायमचं असंच."

ऋजुतानं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "उपाय आहे का?"

"दोन आहेत. पहिला अगदी साधा. तुमच्या नणंदबाईंनी तिच्याजवळ येऊन राहायचं. रोज, घरात, वर्षभर. बिंब जुळेल आणि मेंदू पुढं सरकेल. मग हळूहळू तुम्हीही दिसायला लागाल तिला. त्यांच्यापासून मोजून, पण दिसाल."

"आणि दुसरा?"

"पुनर्बिंबन. जुना ठसा सैल करायचा आणि त्या जागी तुमचा बसवायचा. जमतं ते. पण जागा एकच असते. नणंदबाईंचा चेहरा जाईल, आणि सैल केलेला चेहरा मेंदू पुन्हा धरत नाही. त्या रोज समोर आल्या तरी रोज नव्या." डॉक्टरांनी फोटो गोळा केले. "मला विचाराल तर पहिला करा. त्यात कुणाचं काही जात नाही."

कुणाचं काही जात नाही, हे डॉक्टरांचं म्हणणं खरंच होतं. ऋजुता घरी येईपर्यंत तेच घोकत होती.

मनवा ऐकल्याबरोबर म्हणाली, "मग येते की मी. तासगावात माझं काय पुरून ठेवलंय? इथं मिरजेतसुद्धा बेदाणे खाणारी माणसं आहेत, काहीतरी काम मिळेलच." पूनमताई म्हणाल्या, वरची खोली मोकळीच आहे. शौनक लगेच खोलीला रंग कुठला द्यायचा ते बोलायला लागला. मनवा हसत होती, डोळे मिटून, आणि तिच्या मांडीवर बसलेली वेणू तिच्या तोंडाकडे वर मान करून बघत होती. तहानलेलं माणूस तांब्याकडे बघतं तसं. इतक्या वर्षांत वेणूनं आपल्याकडे असं एकदाही बघितलेलं नाही, आणि आता हीच बाई घरात राहायला येणार, रोज सकाळी हेच बघावं लागणार, हे ऋजुताच्या मनात आलं. ही शिक्षा बरोबर होती. तिला ती पटतही होती. फक्त सोसवणार नव्हती.

स्वयंपाकघरात भांडी विसळताना तिनं सांगून टाकलं. "ताई, मला दुसरा उपाय करायचाय."

मनवाच्या हातातलं फडकं ताटावर फिरायचं थांबलं.

"मला तिनं माझ्याकडे धावत यायला हवंय," ऋजुता म्हणाली. "मोजून नको. थेट."

मग मनवानं ताट पुसून मांडणीवर ठेवलं. "कर मग. आई तू आहेस, मी कोण सांगणारी." तिनं दुसरं ताट उचललं. "मी उगाच बसले त्या खुर्चीत, असं मात्र म्हणणार नाही हं. मला फार आवडायचं तिथं. दिवसभर बेदाण्यातले खडे बघून आलेल्या बाईला अजून काय पाहिजे?" आणि मग सहज विचारावं तसं तिनं विचारलं, "ऋजुता, ते सव्वा महिन्याचं... पाळतात ना गं खरंच तुमच्यात?"

खरं बोलायची हीच वेळ होती. मनवा चिडली नसती. ती चिडणारी बाईच नव्हती, बहुतेक तिनं ऋजुताला जवळच घेतलं असतं. पण मग म्हणाली असती, तर मग आता तरी तिला माझ्याजवळ राहू दे. आणि त्याला ऋजुता नाही म्हणू शकली नसती.

"हो ताई," ती म्हणाली. "फार कडक पाळतात."

*

पुनर्बिंबनाची खोली पेटीसारखीच अंधारी होती. वेणूला हलकी गुंगी देऊन निजवायचे आणि डोळ्यांवर मऊ पट्टा बांधायचे. शेजारच्या खोलीत, काचेच्या पलीकडं, ऋजुतानं खुर्चीत बसायचं आणि काचेतून लेकीकडे बघत राहायचं. चार वर्षं उशिरानं का होईना, ती त्या खुर्चीत बसली होती.

"ओढूनताणून हसू नका," डॉ. हणबर म्हणाल्या. "यंत्र तुमच्या चेहऱ्याचे हजारो नमुने घेतं. त्यातलं येणारंजाणारं गाळून टाकतं आणि कायम राहतं तेवढं ठेवतं. तुम्ही नुसतं तिच्याकडे बघा. आई बघते तसं."

ऋजुता तरीही हसायची. आपल्या लेकीला हसरी आई मिळावी असं कुणाला वाटणार नाही? घरी आरशासमोर उभी राहून तिनं सराव केला होता. पण दवाखान्यात वेणूला घेऊन यायचं काम मनवानंच मागून घेतलं होतं. रजा काढून ती यायची, बाहेरच्या बाकावर वेणूची वेणी घालायची, तिला डब्यातला शिरा भरवायची आणि तिला आत नेलं की तिथंच बसून राहायची. वेणूला हे काय चाललंय त्याचा पत्ता नव्हता. मनवाला होता. "बघून घे गं पोरी," ती एकदा वेणूचे दोन्ही गाल धरून म्हणाली, आणि लगेच काहीतरी गंमत करून तिला हसवलं. ऋजुतानं ते दारातून ऐकलं. मग आत जाऊन ती खुर्चीत बसली आणि कॅमेऱ्यासमोर हसली.

शेवटच्या वेळी पट्टा सोडला तेव्हा सकाळ होती. वेणूनं डोळे उघडले. ऋजुता पलंगाशी उभी होती, काही न बोलता. वेणूची नजर छतावरून भिंतीवर आली, भिंतीवरून तिच्या तोंडावर आली आणि तिथंच थांबली.

"आई," वेणू म्हणाली.

ऋजुता बोलली नव्हती. तिनं हाक मारली नव्हती. पोरीनं दोन्ही हात वर केले आणि ऋजुतानं तिला उचलून इतकं घट्ट धरलं, की नर्सनं येऊन खांद्यावर हात ठेवला.

बाहेर मनवा बाकावरून उठली. वेणूनं तिच्याकडे बघितलं आणि आईच्या मानेत तोंड खुपसलं, परक्या बाईसमोर पोरं खुपसतात तसं.

"अगं, आत्या मी," मनवा म्हणाली.

वेणूनं मान बाहेर काढली. "आवाज आत्याचा आहे," तिनं आईला सांगितलं.

"आवाज तरी ठेवलाय ना, मग झालं तर," मनवा म्हणाली. डबा पिशवीत घातला, वेणूच्या पाठीवर एकदा हात फिरवला आणि तासगावची बस चुकेल म्हणून निघाली. ऋजुताच्या तोंडावर जे काय झालं ते तिला लपवता आलं नाही. तिच्या कडेवरची वेणू ते जवळून बघत होती. फार मायेनं तिनं आईच्या दोन्ही भुवयांमधून बोट फिरवलं.

त्या आठवड्यात घरात सण असल्यासारखं वाटत होतं. वेणू बाबांना ओळखायला लागली, आज्जीला ओळखायला लागली. शाळेतल्या बाईंचं नाक पोपटासारखं आहे, हा शोध तिनं लावला आणि तो बाईंनाही सांगितला. तिच्या चित्रांमधली दातांची फट गेली. एका संध्याकाळी पूनमताई बँकेतल्या कुठल्याशा साहेबाची नक्कल करून दाखवत होत्या आणि ऋजुता बऱ्याच वर्षांनी पोट धरून हसली. तिच्या मांडीवर बसलेली वेणू एकदम गप्प झाली, वळून तिच्या तोंडाकडे बघू लागली आणि खाली उतरली.

"आई कुठं गेली?" तिनं आज्जीला विचारलं.

सगळ्यांना वाटलं पोरगी चेष्टा करतेय. मग पुन्हा तसंच झालं. आणि पुन्हा.

डॉ. हणबर यांनी ठसा पडद्यावर लावून बराच वेळ बघितला. "तुम्ही हसत होतात," त्या म्हणाल्या, "पण हसू दरवेळी वेगळं होतं. कधी जास्त, कधी कमी, कधी नुसतं ओठांवर. त्यामुळं यंत्रानं ते गाळलं. भुवयांच्या मध्ये आणि डोळ्यांखाली जे होतं, ते मात्र प्रत्येक नमुन्यात होतं. एकाही दिवशी हललं नाही. ते राहिलं. चूक आमची आहे, मी वेळेवर बघायला हवं होतं. आम्ही नाकडोळे तपासत बसलो."

"काय होतं तिथं?"

"ते मी कसं सांगणार? तुम्हालाच माहीत असेल."

"पुन्हा करता येईल?"

"जागा एकदाच सैल होते." त्यांनी पडदा बंद केला. "नाराज होऊ नका. बाकी सगळं उत्तम झालंय. तो भाव तुमच्या चेहऱ्यावर असेल तेव्हा ती तुम्हाला कुठंही ओळखेल, हजार बायकांत. नसेल तेव्हा आवाज आहेच."

तर ऋजुतानं काय करावं? ती शिकली. फाटकाशी उभी राहिली की ती त्या आतल्या खोलीचा विचार करायची, कानाला बांधलेल्या रुमालाचा, लाडवांचा. कष्ट पडायचे नाहीत. ते सगळं तयारच असायचं, आणि समोरून वेणू धावत येऊन तिच्या कमरेला भिडायची. बाकीच्या आया म्हणायच्या, बघा, आम्ही म्हणत नव्हतो? तिला ते सुख वाटायचं, आणि सुख वाटलं की तोंडावर यायचं, म्हणून ते लगेच आवरावं लागायचं.

मग शाळेतल्या बाईंनी बोलावून घेतलं. बाई जरा संकोचल्या होत्या. "मारत नाही हो कुणाला," त्या म्हणाल्या. "रागवतसुद्धा नाही. एखाद्या मुलाजवळ जाते आणि शांतपणे सांगते, तुझ्यामुळं माझं चित्र फाटलं. चित्र फाटलेलं नसतंच. पण ते पोर बिचारं कानकोंडं होतं, आणि तसं झालं की ही त्याला मिठी मारते. सोडतच नाही. मुलं घाबरायला लागलीत तिला."

ऋजुता "बघते मी" म्हणून घरी आली. त्यातलं काय बघायचं, हे तिला कळत नव्हतं.

रविवारी ती थालीपिठं लावत होती. सकाळ छान होती, शौनक बाहेर कुंड्यांना पाणी घालत काहीतरी गुणगुणत होता आणि तिला आज कशाची आठवण झालेली नव्हती. वेणू ओट्यावर पाय हलवत बसली होती. पाहुण्यांकडे बघावं तसं शहाण्यासारखं तिच्याकडे बघत होती.

"तू काल माझ्या डब्यात चमचा दिला नाहीस," वेणू म्हणाली.

"दिला होता गं. खालच्या कप्प्यात होता."

वेणूनं मान वाकडी करून तिच्या तोंडाकडे बघितलं. मग थोडा विचार केला. "तू आज्जीला उलट बोललीस."

"कधी?" ऋजुता तव्यावरून मान वर न करता म्हणाली, पण ती आठवायला लागली होती. वेणू अजून जवळ सरकली, भुवयांच्या मध्ये नीट बघितलं. बहुतेक काहीतरी हललं होतं, पण पुरेसं नव्हतं.

"आत्या तुझ्यामुळं येत नाही."

"आत्याला काम असतं," ऋजुता म्हणाली, आणि थालीपीठ उलटलं. पोरीकडे बघून कसंबसं हसली. वेणूच्या तोंडावर पुन्हा ती पाहुण्यांसाठीची शहाणी नजर आली. पोरं दिसेल त्या किल्ल्या कुलुपात घालून बघतात. तिनं सगळ्या घालून बघितल्या होत्या, आता तिच्याकडे एक अगदी साधी उरली होती, कुठलंही मूल कुठल्याही आईला म्हणतं ती.

"तू मला घ्यायला आलीच नव्हतीस," वेणू म्हणाली.

तव्यावरचं थालीपीठ करपायला लागलं. ऋजुता तशीच उभी राहिली, उलथनं हातात धरून, आणि तोंड कुठं फिरवावं हे तिला सुचेना. वेणूनं ते बघितलं. तिचे डोळे मोठे झाले, सगळं तोंड उजळलं. ती ओट्यावरून उडी मारून खाली उतरली, पळत येऊन आईच्या कमरेला मिठी मारली आणि बाहेरच्या खोलीकडे मान वळवून आनंदानं हाक दिली.

"आज्जी, आई आली."